नियमावलीत मोठी माणसं कुठे आहेत?

शाळेची वर्तन नियमावली नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं, त्यामागचं कारण काही थोर नव्हतं. मी भाषा शिकवते. ‘तुमचं शुद्धलेखन चांगलं आहे, तुम्हीच बघा’ असं म्हणून ती फाईल माझ्या टेबलावर ठेवली गेली. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या. पण व्याकरण शिकवणाऱ्या माणसाचा हात पेन्सिल घेतली की आपोआप कर्त्याखाली रेघ मारतो, तसं झालं. विद्यार्थ्यांनी वेळेवर यावे. विद्यार्थ्यांनी जिन्यातून रांगेने जावे. विद्यार्थ्यांनी मोबाईल आणू नये. पालकांनी सहकार्य करावे. पानामागून पान हेच. आणि जिथे शाळेने काही करायचं होतं, तिथे कर्ताच गायब. ‘योग्य ती कारवाई करण्यात येईल.’ ‘तक्रारीची गंभीर दखल घेतली जाईल.’ कोण घेणार? कधी? कुणाशी बोलून? ‘योग्य ती’ म्हणजे कोणती? याचं उत्तर संपूर्ण फाईलमध्ये कुठेही नव्हतं.

त्यानंतर ओळखीच्या शिक्षकांकडून इतर शाळांच्या नियमावल्या मागवून वाचल्या. त्यांचीही तीच तऱ्हा. कुठे मुखपृष्ठ रंगीत, कुठे ‘मूल्ये आणि दृष्टी’ असं भारदस्त पहिलं पान, पण आत मुलांनी कसं वागायचं याची यादी आणि मोठ्यांच्या वाट्याला ‘येईल-जाईल’. माझं म्हणणं एवढंच आहे की हे उलटं हवं. मूल मूलच असतं. ते नियम मोडणार, विसरणार, आज रडणार, उद्या हसणार. नियमावलीने बांधून घ्यायचं असतं ते मोठ्यांना. एखादं मूल चुकलं, दुखावलं किंवा त्याचे आई-वडील तक्रार घेऊन आले, तर शाळेतलं कोणतं माणूस काय करील आणि काय करणार नाही, हे आधी लिहून ठेवलेलं असावं. कारण ऐन वेळी प्रत्येकजण आपापल्या स्वभावाप्रमाणे वागतो, आणि शिक्षकखोलीत स्वभावांचे किती प्रकार असतात ते मी सांगायला नको.

उशिरा येण्याचंच घ्या. जुन्या फाईलमध्ये दंड होता. दंड लावला की लोक सुधारतात, असं आपल्याला वाटतं. इस्रायलमधल्या हैफा शहरात यावर एक प्रयोग झाला होता. संध्याकाळी मुलांना न्यायला पालक उशिरा येतात म्हणून दहा पाळणाघरांपैकी सहांत दंड सुरू केला. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांनी २००० साली त्याचा निष्कर्ष छापला: उशिरा येणारे कमी झाले नाहीत, वाढले, जवळपास दुप्पट झाले. आधी पालकांना ताटकळत बसलेल्या बाईंची लाज वाटायची. दंड आल्यावर त्यांना वाटलं, आता आपण त्या वेळेचे पैसे देतोय. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर कमी झाला नाही. लाज एकदा गेली ती गेली.

आणि मुलांच्या बाबतीत तर उशीर अनेकदा मुलाच्या हातातच नसतो. किशोरवयात झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री लवकर झोप लागत नाही. हा आळस नाही, शरीराचा धर्म आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये सांगितलं की मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नयेत. शाळेची वेळ बदलणं माझ्या हातात नव्हतं. एक वाक्य बदलणं होतं. ‘वारंवार उशीर झाल्यास दंड आकारण्यात येईल’च्या जागी ‘वारंवार उशीर होत असल्यास वर्गशिक्षक त्या मुलाशी, इतरांसमोर नव्हे, बोलून कारण विचारतील’ असं लिहिलं. विचारल्यावर काय काय निघतं! धाकट्या भावाला आधी सोडायचं असतं. फाटकाशी उभी राहणारी तीन मुलं आत जाईपर्यंत कुणी कोपऱ्यावर थांबलेलं असतं. पहिल्या तासाच्या बाईंची भीती असते. शेवटचं कारण ऐकून पहिल्या तासाच्या बाई खट्टू होतात, तो भाग वेगळा.

छडीबद्दल फार लिहीत नाही, कारण तो वाद कायद्याने संपवलेला आहे. पोलंडने शाळेतली मारहाण १७८३ मध्येच बंद केली होती. स्वीडनने १९७९ मध्ये घरातसुद्धा मुलांना मारायला बंदी घातली. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं अठ्ठाविसावं कलम सांगतं की शाळेतली शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धरून असावी. भारताच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं सतरावं कलम तर शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. हा ‘मानसिक’ शब्द वाचताना आपण सगळे माना डोलावतो आणि पुढच्या तासाला वर्गात जाऊन म्हणतो, ‘या, महाराज, आज उगवलात का?’ वर्ग हसतो. ज्याच्यावर हसतो तोही हसतो, कारण दुसरं काय करणार.

मी मसुद्यात एक ओळ घातली: ‘शिक्षक मुलांना टोमणे मारणार नाहीत, टोपणनावं ठेवणार नाहीत, एकाच्या चुकीसाठी सगळ्या वर्गाचा खेळाचा तास कापणार नाहीत.’ संपूर्ण नियमावलीत सर्वांत जास्त चर्चा या ओळीवर झाली. मोबाईलवर नाही, मारामारीवर नाही, या ओळीवर. एक सर म्हणाले, मग आम्ही बोलायचंच नाही का? मी म्हटलं, सर, बोला की. तेच वाक्य मुख्याध्यापिका तुम्हाला सगळ्या स्टाफसमोर म्हणाल्या तर चालेल का, एवढंच बघा. ते गप्प झाले, पण पटलं म्हणून की वैतागून, हे मला अजून कळलेलं नाही. ओळ राहिली.

‘एकही चूक खपवून घेतली जाणार नाही’ हा दुसरा लाडका पवित्रा. असली भाषा पालकसभेत टाळ्या मिळवते. अमेरिकेत १९९० च्या दशकात शाळाशाळांतून हे धोरण फोफावलं. हत्यार आणलं तर शाळेबाहेर, यापासून सुरू झालं आणि हळूहळू किरकोळ उद्धटपणालाही तोच न्याय लागू लागला. तिथल्या मानसशास्त्र संघटनेने नेमलेल्या गटाचा अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा धोरणामुळे शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट ज्यांना घरी बसवलं त्यांना पुन्हा घरी बसवण्याची वेळ येण्याची शक्यता वाढलेली दिसली. यात नवल नाही. ज्याला शाळा नकोच आहे त्याला शिक्षा म्हणून सुट्टी द्यायची, हा हिशेब कुणी मांडला कोण जाणे. काही वेळा मुलाला बाहेर ठेवावं लागतं, इतरांच्या जिवाला धोका असेल तर तर नक्कीच. पण मग नियमावलीत पुढचं वाक्यही हवं: परत येईल त्या दिवशी त्याला दारात कोण भेटेल, बुडालेला अभ्यास कोण देईल, आणि ज्याला मार बसला होता त्याला आधी कोण सांगेल की तो आज परत येतोय. हे वाक्य नसतं. मग परत आलेलं मूल मागच्या बाकावर जाऊन बसतं आणि सगळे मिळून ‘आता काय करतो’ याची वाट बघतात.

बक्षिसांबद्दलही थोडं. भिंतीवर तक्ता, चांगलं वागलं की चांदणी. मला चांदण्यांचा राग नाही; लहान मुलांना त्या आवडतात आणि मोठ्या माणसांना लावायला आवडतात. पण मानसशास्त्रज्ञ लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३ चा प्रयोग मी प्रत्येक नव्या शिक्षिकेला सांगते. बालवाडीतली मुलं, ज्यांना मुळातच चित्रं काढायला आवडायचं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळात बघितलं तर हीच मुलं आधीपेक्षा आणि इतरांपेक्षा कमी चित्रं काढत होती. ज्यांना न सांगता अचानक प्रशस्तिपत्रक मिळालं त्यांचं काही बिघडलं नव्हतं. तेव्हा एखाद्याने कुणाचं दप्तर आपण होऊन उचललं तर त्याला चांदणी देऊ नका. ‘पाहिलं हं मी’ एवढं म्हणा.

आणि अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन. हे नाव शिक्षक प्रशिक्षणात एका ओळीत येऊन जातं, पण माझ्या मते सगळ्या नियमावल्यांच्या वर छापावं असं आहे. वर्गात गडबड झाल्यावर चांगले शिक्षक काय वेगळं करतात, हे शोधायला ते निघाले होते. वर्गांचं चित्रण बारकाईने पाहिलं आणि १९७० मध्ये निष्कर्ष मांडला तो असा, की गडबड झाल्यावर शिक्षक काय करतो यावरून शांत वर्ग आणि गोंधळाचा वर्ग वेगळे ओळखताच येत नव्हते. फरक होता तो आधीच्या वागण्यात: एका मुलाची वही बघतानाही बाकीच्यांकडे असलेलं लक्ष, एका कामातून दुसऱ्या कामात न रेंगाळता जाणं, कुणीही रिकामं न बसणं. म्हणजे आपल्या नियमावलीतली बहुतेक पानं ‘झाल्यावर’ची, आणि खरा खेळ ‘होण्याआधी’चा. पाच मिनिटं उशिरा वर्गावर जाणारा शिक्षक त्या पाच मिनिटांतल्या मारामारीचा अर्धा वाटेकरी असतो. ‘शिक्षक घंटेला वर्गात असतील’ ही ओळही मी वर्तन नियमावलीतच घातली.

आता मुख्य गोष्ट. छळ, दादागिरी, काहीही म्हणा. शाळेत या बाबतीत एक म्हण सर्वांत जास्त वापरली जाते: टाळी एका हाताने वाजत नाही. एखादी आई सांगत असते, माझ्या मुलाला रोज मधल्या सुट्टीत एका गटाकडून ढकललं जातं, त्याच्या वह्या लपवल्या जातात, आणि समोर बसलेलं माणूस शांतपणे ही म्हण फेकतं. फेकणाऱ्याला वाटतं आपण निःपक्षपाती आहोत.

डॅन ओल्वेअस या स्वीडिश-नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञाने या म्हणीला चोख उत्तर देऊन ठेवलंय, अर्थात त्यांना ही म्हण ठाऊक नसणार. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांकडून होणारा छळ हे कारण असण्याचा दाट संभव होता. देश हादरला आणि १९८३ मध्ये सरकारने देशभर मोहीम हाती घेतली. बर्गनमधल्या शाळांत ओल्वेअस यांनी जो कार्यक्रम राबवला त्यानंतर दोन वर्षांत छळाच्या नोंदी साधारण निम्म्यावर आल्या. पण माझ्या दृष्टीने त्यांची मोठी देणगी म्हणजे त्यांनी घातलेल्या तीन अटी. त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हा पुन्हा दिलेला असतो, आणि दोन बाजूंची ताकद सारखी नसते. ही तिसरी अट असली की टाळीचा प्रश्न मिटला. दोन तुल्यबळ मुलं मैदानात भिडली तर तो तंटा; दोघांना बसवा, बोलतं करा. पण एका बाजूला पाच जण आणि दुसऱ्या बाजूला चष्मा सावरणारा एक असेल, तर त्याने वैतागून एक दिवस कंपास फेकून मारला म्हणून ‘दोघांची चूक’ होत नाही. आणि नेमका तो कंपासच शिक्षकांच्या नजरेस पडतो, कारण त्याच्या आधीचं सगळं चोरून झालेलं असतं आणि हे मात्र भर वर्गात.

म्हणून नोंद लागते. आमच्या मसुद्यात मी लिहिलं की मुलाने किंवा पालकाने सांगितलेली प्रत्येक घटना, कितीही किरकोळ वाटली तरी, तारीख, जागा आणि सांगणाऱ्याचेच शब्द यांसह वहीत उतरेल. ‘वह्या लपवल्या’ हे सुटं पाहिलं तर हसण्यावारी नेण्यासारखं असतं. वहीत एकाखाली एक सात ओळी दिसल्या आणि प्रत्येकीत तेच नाव, तीच जिन्याखालची जागा दिसली की हसू ओसरतं. जागा लिहायची हे विशेष महत्त्वाचं, कारण बहुतेक वेळा उपाय जागेतच असतो. जिन्याखाली मधल्या सुट्टीत एक मोठं माणूस उभं राहिलं तर निम्मं काम होतं. स्वच्छतागृहाबाहेर, बसच्या रांगेत, खेळाच्या तासाला कपडे बदलतात तिथे. मुलांना विचारा, ती शाळेचा नकाशा काढून धोक्याच्या जागा रंगवून देतात. शिक्षकांनी रंगवलेला नकाशा आणि मुलांनी रंगवलेला नकाशा शेजारी ठेवून पाहा एकदा.

बघे हा आणखी एक भाग. कॅनडात हॉकिन्स, पेप्लर आणि क्रेग यांनी शाळेच्या मैदानावर प्रत्यक्ष चित्रण करून अभ्यास केला, तो २००१ मध्ये आला. छळाच्या जवळपास ८८ टक्के प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं हजर होती. आणि त्यांच्यापैकी कुणी मध्ये पडलं तर निम्म्याहून जास्त वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंदांत! आमच्या चौकशी समितीची पहिली बैठक ठरायला किती लागतं ते सोडून द्या. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टीना साल्मिवाल्ली यांनी याच बघ्यांवर लक्ष ठेवून ‘किवा’ हा कार्यक्रम बांधला: कोण हसतं, कोण साथ देतं, कोण नजर वळवतं, कोण जाऊन शेजारी बसतं. आमच्या नियमावलीत मात्र बघ्यांसाठी ‘तात्काळ शिक्षकांना कळवावे’ एवढंच होतं. कळवणाऱ्याचं पुढे काय होतं? ‘चुगलखोर’ हे नाव आणि कधीकधी शिक्षकांकडूनच ‘तुला काय करायचंय?’. तेव्हा मोठ्यांसाठी वाक्य: ‘कळवणाऱ्या मुलाचं नाव शिक्षक वर्गात घेणार नाहीत.’

या कार्यक्रमांनी जादू होते असं मात्र मी म्हणणार नाही. टोफी आणि फॅरिंग्टन यांनी २०११ मध्ये अशा अनेक कार्यक्रमांचा एकत्र हिशेब केला तेव्हा छळ सरासरी २० ते २३ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. नॉर्वेतल्या पहिल्या आकड्यासारखा डोळे दिपवणारा नाही. पण ज्या मुलाचा त्रास त्या टक्क्यांमध्ये बसला त्याला विचारा.

‘सॉरी म्हण, हात मिळव’ हे नाटक बंद करावं, असंही माझं मत आहे. मनं जुळवून आणणाऱ्या बैठकींची एक गंभीर परंपरा आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या मारूचिडोर इथल्या शाळेत १९९४ मध्ये ती प्रथम शाळेत आली. त्यात दोन्ही बाजूंशी आधी स्वतंत्र बोलतात, तयारी करतात, काय झालं, कुणाला काय झळ पोचली, आता भरपाई कशी, असं सगळं गोल बसून विचारतात. ज्याला त्रास झाला तो नको म्हणाला तर बैठक होत नाही. आपण त्यातला फक्त शेवटचा मिनिट उचलला. घाबरलेल्या मुलाला त्याच्या छळणाऱ्याचा हात हातात घ्यायला लावायचा आणि ‘झालं, मिटलं’ म्हणून रजिस्टर बंद करायचं.

मुलांचं मानसिक स्वास्थ्य हा विषय हल्ली सगळ्यांना आवडू लागलाय आणि मला थोडी धास्ती वाटते. फलक लागतात, एक दिवस साजरा होतो, फुगेही असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे १० ते १९ वयाच्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आरोग्याचा काही ना काही त्रास असतो. म्हणजे चाळीसच्या वर्गात पाच-सहा. त्यांना फुग्यांचा उपयोग नाही. त्यांना हे माहीत असायला हवं की या इमारतीत कोणत्या दारावर टकटक करायची, आणि ते दार मधल्या सुट्टीत उघडं असतं का. आठवड्यातून एकदा येणारे समुपदेशक गुरुवारी असतात. मूल सोमवारी कोसळतं. सोमवारी कोण, ते नावानिशी लिहा.

शिक्षकांसाठी इथे एकच नियम मी ठळक केला. मूल म्हणतं, ‘बाई, सांगते, पण कुणाला सांगणार नाही असं वचन द्या.’ आपलं मन विरघळतं आणि आपण वचन देतो. द्यायचं नाही. ‘तुझ्या जिवाला धोका असेल तर मला एका माणसाला सांगावं लागेल, आणि कुणाला ते मी तुला आधी सांगेन’ असं म्हणायचं. बहुतेक मुलं तरीही सांगतात. मग ऐकायचं. ‘त्यांनीच केलं ना?’ असले प्रश्न घालायचे नाहीत, कारण मूल आपल्याला आवडेल ते उत्तर देतं आणि पुढे खऱ्या चौकशीत त्या उत्तराची किंमत शून्य होते. मुलाचेच शब्द, तेवढेच, त्याच दिवशी लिहायचे. स्वतः तपास करायला निघायचं नाही, घरी फोन करण्याआधी मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेल्या माणसाशी बोलायचं; कधीकधी धोका घरातच असतो.

दर सोमवारी पोटात दुखणं, आवडत्या विषयाची वही कोरी राहणं, डबा न उघडता परत जाणं. हे सगळं वेगवेगळ्या शिक्षकांना वेगवेगळं दिसतं आणि कुणालाच पूर्ण दिसत नाही. हजेरी लिहिणाऱ्या लिपिकाला बऱ्याचदा सर्वांत आधी कळतं. त्यांना बैठकीला बोलवा असं मी सुचवलं, तेव्हा दोन-तीन भुवया वर गेल्या. आता ते येतात.

आणि पालक. शाळेत ‘तक्रार करणारे पालक’ हा एक स्वतंत्र प्राणिवर्ग मानला जातो. मीही पालक आहे, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या मला ठाऊक आहेत, आणि पलीकडची खुर्ची नेहमी थोडी बुटकी असते. माणूस तिथे येतो तो आदल्या रात्री झोपलेला नसतो. त्याने मनात वाक्यं जुळवलेली असतात, ती दारातच विसरलेली असतात, आणि जे तोंडातून निघतं ते चढ्या आवाजात निघतं. आपण आवाजाला उत्तर देतो. तक्रार तशीच राहते.

पण आरडाओरडा करणाऱ्यांपेक्षा मला न बोलणाऱ्यांची काळजी जास्त. ‘जाऊ दे, बोललो तर पोरावर डूख धरतील’ हे वाक्य मी शाळेबाहेर इतक्यांदा ऐकलंय की नियमावलीत त्याला थेट उत्तर हवं होतं. ते असं लिहिलं: तक्रार कुणाकडे द्यायची, त्यांच्याविरुद्धच असेल तर कुणाकडे, तीन कामाच्या दिवसांत किमान ‘मिळाली, अमुक बघत आहेत’ एवढं उत्तर कोण पाठवील, आणि तक्रारीनंतर महिन्याभराने त्या मुलाच्या गुणांवर, बाकाच्या जागेवर, संघनिवडीवर काही परिणाम झाला का हे पर्यवेक्षक तपासतील. शेवटचा मुद्दा काही जणांना झोंबला. ‘आमच्यावर अविश्वास?’ मी म्हटलं, विश्वास आहे म्हणूनच तपासायला हरकत नसावी.

एक गोष्ट पालकांनाही कडू लागते, तीही लिहून टाकली. समोरच्या मुलाला काय शिक्षा झाली हे त्यांना सांगितलं जाणार नाही. तेही कुणाचं तरी मूल आहे. ‘म्हणजे काहीच केलं नाही तुम्ही’ असा त्याचा अर्थ लावला जातो आणि ते स्वाभाविक आहे. त्यावर उपाय एकच दिसतो: त्या मुलाचं काय केलं हे सांगता येत नसेल, तर तुमच्या मुलासाठी काय करतोय हे अगदी बारकाईने सांगायचं. उद्यापासून तो कुठे बसेल, मधल्या सुट्टीत कोण लक्ष ठेवील, पंधरा दिवसांनी मी स्वतः फोन करीन. आणि तो फोन करायचा. पालकांनी न विचारता आलेल्या त्या दुसऱ्या फोनने जे साधतं ते पहिल्या तासाभराच्या बैठकीने साधत नाही.

वर्गाच्या पालक ग्रुपवर मुलांची नावं घेऊन न्यायनिवाडा करू नये, हीही ओळ आहे. पाळली जाते असं म्हणणार नाही. रात्री अकराला सुरू झालेला खटला सकाळी शाळा भरायच्या आत निकालात निघालेला असतो आणि आरोपी तिसरीतला असतो.

या सगळ्यात मुलांना विचारलं का, असा प्रश्न कुणीतरी विचारील म्हणून सांगते, विचारलं. बालहक्क कराराचं बारावं कलम सांगतं की मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं म्हणणं ऐकावं आणि वयानुसार त्याला वजन द्यावं. वर्गावर्गांतून चिठ्ठ्या मागवल्या, नावाशिवाय. पुष्कळ चिठ्ठ्यांत खेळाचा तास वाढवा असं होतं, ते अपेक्षितच. पण बाकीच्यांत वारंवार आलेली मागणी नियमांबद्दल नव्हतीच. ‘आधी माझं ऐका, मग ओरडा’, अशा अर्थाचं काहीतरी. ते मी मसुद्यात घेतलं, किंचित शुद्ध करून: कोणतीही शिक्षा ठरवण्याआधी शिक्षक मुलाला त्याची बाजू विचारतील.

मसुदा आता व्यवस्थापनाकडे आहे. तिथून एक शेरा आलाय: ‘शिक्षक विचारतील’ऐवजी ‘विचारणा करण्यात येईल’ असे वाक्य योग्य राहील का? मी नाही म्हणून कळवलंय. पुढची बैठक दिवाळीनंतर नव्हे, त्याआधीच घ्या, असंही.